गाडीला एक ओरखडा नाही, तरी हप्ता का वाढतो?

मागच्या आठवड्यात गाडीच्या विम्यावर दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून गेला. बहुतेकांचा सूर एकच. बारा-पंधरा वर्षं गाडी चालवतोय, एक क्लेम नाही, सीटबेल्ट लावतो, साठच्या वर काटा जात नाही. तरी हप्ता वाढतोच. दारू पिऊन ट्रक घालणाऱ्यांचे पैसे आम्ही का भरायचे?

प्रश्न रास्त आहे. पण एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण या हप्त्याला ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास वाचला की लक्षात येतं, आपण ज्याच्यावर चिडतोय तो भाग बरोबर आहे, आणि जिथं खरं चिडायला हवं तिकडं आपलं लक्षच नाही. पोस्ट लांब होणार आहे मंडळी, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तुमच्या हातात जो "फुल इन्शुरन्स"चा कागद असतो, त्यात खरं तर दोन वेगळे विमे असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, हातपाय मोडले तर त्याची भरपाई. हा कायद्यानं सक्तीचा. दुसरा ओडी, म्हणजे ओन डॅमेज, तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. हा ऐच्छिक. दोन्हींचा जन्म वेगळा, दर ठरवणारा वेगळा, तर्क वेगळा. आपण मात्र खालची बेरीज बघतो आणि एजंटाला फोन लावतो.

थर्ड पार्टीची गोष्ट विलायतेत सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर तिकडं मोटारी वाढल्या आणि कोर्टात एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. अपघातात सापडलेला माणूस खटला जिंकायचा, हातात हुकूमनामा यायचा, आणि ज्यानं उडवलं त्याच्याकडं द्यायला दमडी नसायची. कागद जिंकला, पैसा शून्य. म्हणून १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यानं तिथं थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. आपल्याकडं तीच कल्पना १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. पण मध्ये दुसरं महायुद्ध पडलं, आणि विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. आपल्याकडं एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावायला अजून दोन वर्षं होती. रस्त्यावर खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या, थोड्या लॉऱ्या, आणि मोजक्या पैसेवाल्यांच्या कार.

इथं एक मुद्दा ठळकपणे लक्षात घ्या. हा विमा गाडीवाल्यासाठी केलाच नव्हता. तो पायी चालणाऱ्यासाठी, सायकलवाल्यासाठी, बैलगाडीवाल्यासाठी केला होता. गाडीवाला फक्त पैसे भरणारा. त्यामुळं "मला यातून काय मिळालं?" हा प्रश्न थर्ड पार्टीला लागूच होत नाही. तुम्हाला काही मिळू नये, हीच तर इच्छा.

सुरुवातीला भरपाई मागायची तर दिवाणी कोर्टात जावं लागायचं, दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरून. ज्याचा कर्ता माणूस गेला त्या बाईनं आधी कोर्ट फी कुठून आणायची? १९५६ च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ज्याला आपण एमएसीटी म्हणतो, ते हेच. पुढं १९८२ मध्ये अजून एक पाऊल पडलं. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार मिळायला लागले. आज हे आकडे हास्यास्पद वाटतात. १९८८ च्या नव्या कायद्यात ते २५ हजार आणि १२ हजार झाले, १९९४ मध्ये ५० हजार आणि २५ हजार.

१९८८ च्या कायद्यानं आणखी एक मोठी गोष्ट केली, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या कायद्यात मालवाहू गाड्यांच्या विम्याला मर्यादा होती. १९८२ नंतर ती दीड लाख होती. ट्रकनं कितीही माणसं चिरडली तरी कायद्यानं विमा कंपनीवर सक्ती तेवढ्यापुरतीच, बाकी मालकाकडून वसूल करा. नव्या कायद्यानं जीवितहानीची मर्यादाच काढून टाकली. जेवढी जबाबदारी कोर्ट ठरवेल तेवढी सगळी कंपनीची. दावा करायला सहा महिन्यांची मुदत होती, तीही १९९४ मध्ये गेली. (२०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आणली, हे वकील मंडळींना माहीत असेल, बाकीच्यांनी लक्षात ठेवा.) आता कंपनीच्या बाजूनं विचार करा. आज हप्ता घ्यायचा, दावा कधीही येणार, आणि रक्कम किती हे कुणालाच माहीत नाही. असा माल जगात कुठला दुकानदार विकतो?

आता भरपाईचा हिशोब बघू, कारण हप्ता का वाढला याचं अर्धं उत्तर इथं आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले, आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भविष्यातल्या उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवली. समजा आपल्या तालुक्यातला एखादा गवंडी, वय ३५, महिना १५ हजार कमावणारा, घरी बायको, दोन मुलं आणि आई. गाडीनं उडवलं, गेला. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत म्हणून त्यात ४० टक्के वाढ धरायची, झाले २ लाख ५२ हजार. अवलंबून चार माणसं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले १ लाख ८९ हजार. वयाचा गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार. अंत्यविधी वगैरेचे ठरावीक ७० हजार धरून जवळपास ३१ लाख. व्याज वेगळं.

ही रक्कम जास्त आहे असं मला अजिबात वाटत नाही. दोन पोरांचं शिक्षण आणि म्हातारीचं औषधपाणी यातच व्हायचंय. पण १००० सीसीच्या आतल्या कारचा थर्ड पार्टी हप्ता आज वर्षाला २०९४ रुपये आहे. म्हणजे या एका गवंड्याच्या कुटुंबासाठी सुमारे १४७८ लहान गाड्यांचा वर्षाचा हप्ता लागतो. या १४७८ जणांतले जवळजवळ सगळे तुमच्यासारखेच, ओरखडा न पाडणारे. सावध माणसाच्या पैशावरच हा विमा चालतो. दुसऱ्या कुणाच्या पैशावर चालणार? आणि रस्ते अपघातात २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली १५ हजारांवर आपल्या महाराष्ट्रात.

इथपर्यंत मी हप्त्याच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू.

१ जानेवारी १९७३ ला देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्या मिळून चार झाल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. यातली न्यू इंडिया म्हणजे दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये मुंबईत काढलेली. दर ठरवायचं काम टॅरिफ सल्लागार समितीकडं. "सल्लागार" नाव असलं तरी सल्ला बंधनकारक. समितीचा दर म्हणजे दर, एक रुपया इकडं नाही की तिकडं नाही. थर्ड पार्टीचे दर वाढवले की ट्रकवाल्यांचा संप, म्हणून ते दाबून ठेवलेले. मग तोटा भरायचा कुठून? ओडीमधून. म्हणजे १९८५ साली एखाद्या मास्तरांनी किंवा बँकेतल्या साहेबांनी कर्ज काढून पद्मिनी घेतली, दर रविवारी धुऊनपुसून ठेवली, तर त्यांच्या ओडीच्या पैशातून कुठल्यातरी ट्रकच्या थर्ड पार्टीचं भगदाड बुजवलं जायचं. "दुसऱ्याचं आम्ही का भरायचं?" हा सवाल त्या काळात शंभर टक्के खरा होता. फक्त तेव्हा कुणी विचारत नव्हतं, कारण हिशोबच बाहेर येत नव्हता.

१ जुलै २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये देशाचे दोन भाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं एका विभागात, उरलेला सगळा भारत दुसऱ्यात. नव्या लहान कारचा ओडी दर शहरात किमतीच्या ३.१२७ टक्के आणि आपल्याकडं ३.०३९ टक्के. चार लाखांच्या गाडीला फरक ३५२ रुपयांचा. आपल्या गावात गर्दी कमी, वेग कमी, सिग्नल तर नाहीतच, त्याची किंमत ३५२ रुपये. असो, काहीतरी होती.

मग १ जानेवारी २००७ ला ओडीचे दर मोकळे झाले. तोवर खाजगी कंपन्या आल्या होत्या, सवलतींची चढाओढ लागली, ओडी धडाधड स्वस्त झाला. लोक खूश. पण ज्या पैशातून भगदाड बुजत होतं तो पैसाच आटला. थर्ड पार्टीचे दर मात्र सरकारी ताब्यातच राहिले, आणि आता ते वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०११ पासून दरवर्षी फेरआढावा सुरू झाला. १००० ते १५०० सीसीच्या गाडीचं बघा, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या त्यातच बसतात. २०१५-१६ मध्ये १५९८ रुपये. पुढच्या वर्षी २२३७. त्याच्या पुढच्या वर्षी २८६३. दोन वर्षांत ७९ टक्के! २०१९-२० मध्ये ३२२१. कोरोनात दोन वर्षं थांबले, आणि १ जून २०२२ पासून ३४१६. वर १८ टक्के जीएसटी.

त्यातच २०१८ मध्ये मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा दोन लाखांवरून १५ लाखांवर गेला. कारला १०० रुपयांत व्हायचा तो ७५० झाला. ही वाढ चांगलीच होती, स्वतःच्या घरच्यांसाठी होती, पण हप्त्याच्या बेरजेत मिसळली आणि कुणी नीट समजावून सांगितलं नाही. एजंटही सांगत नाहीत. त्यांना झीरो डेप विकायचा असतो.

तर वाढ का झाली ते कळलं. आता मूळ प्रश्न: या सगळ्यात सावध माणसाची सावधगिरी कुठं मोजली जाते?

थर्ड पार्टीत कुठंच नाही. खाजगी कारचा दर फक्त इंजिनाच्या सीसीवर ठरतो. निवृत्त झालेले काका, १६०० सीसीची जुनी डिझेल गाडी, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यात आणि वर्षातून एकदा पंढरपूरला, त्यांना ७८९७ रुपये. आणि लहान गाडीतून वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळणारा, घाटात वळणावर ओव्हरटेक करणारा गडी, त्याला २०९४. मुंबईत असो की आपल्याकडं, दर तोच. २०२२ च्या अधिसूचनेत सवलती आहेत बरं का. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के, हायब्रीडला साडेसात, शाळेच्या बसला १५, आणि विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला ५० टक्के. म्हाताऱ्या गाडीला निम्मी सूट आणि म्हाताऱ्या सावध ड्रायव्हरला शून्य.

"पण एनसीबी मिळतो की!" मिळतो, फक्त ओडीवर. क्लेम न घेतल्याबद्दल पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. यालाच सगळे सावधगिरीचं बक्षीस समजतात. मला विचाराल तर खरी गोम इथं आहे. नाव नीट वाचा: नो क्लेम बोनस. नो ॲक्सिडेंट बोनस नव्हे.

तुम्ही सिग्नलला थांबलाय. मागून एकानं येऊन ठोकलं. चूक शंभर टक्के त्याची. कायद्यानं त्याच्या थर्ड पार्टीतून तुमच्या बंपरचे पैसे मिळायला हवेत. १९८८ च्या कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीची सक्तीची मर्यादा होती फक्त ६ हजार रुपये. कारच्या नेहमीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण ते मिळवायला एफआयआर, वकील, न्यायाधिकरण. एका बंपरसाठी कोण जातंय? आणि ठोकणाऱ्याकडं विमाच नसण्याची शक्यता किती? संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं २०२४ मध्ये जो आकडा मांडला त्याप्रमाणे रस्त्यावरच्या सुमारे ५६ टक्के गाड्यांना विमा नाही. मग तुम्ही काय करता? स्वतःच्या ओडीतून क्लेम घेता, आणि तुमचा ५० टक्के एनसीबी शून्यावर येतो. चूक त्याची, दंड तुम्हाला.

हा दंड किती ते मांडून बघितलं. सोयीसाठी ओडीचा मूळ हप्ता ८ हजार आणि तो तसाच राहतो असं धरा. ५० टक्के एनसीबीवर तुम्ही ४ हजार भरता. क्लेमनंतर पुढच्या वर्षी ८ हजार, मग ६४००, ६०००, ५२००, ४४००, आणि सहाव्या वर्षी परत ४ हजारांवर. जादा गेलेले एकूण १० हजार. म्हणजे दहा हजारांच्या आतलं काम असेल तर क्लेम न घेतलेलाच बरा. शहाणी माणसं तेच करतात. हप्ता भरायचा कंपनीला आणि बिल द्यायचं खिशातून.

आणि आता उलटं बघा. बेफाम चालवणाराही हाच हिशोब करतो. दर चार महिन्यांनी कुणाला तरी घासून येतो, ओळखीच्या गॅरेजवर रोख देऊन दार सरळ करून घेतो, आणि त्याचा ५० टक्के एनसीबी शाबूत. कंपनीच्या कॉम्प्युटरवर तो आदर्श ड्रायव्हर, आणि मागून ठोकून घेणारे तुम्ही जोखमीचे. वर कंपन्या "एनसीबी प्रोटेक्ट" नावाचा ॲड-ऑन विकतात. म्हणजे सावधगिरीबद्दल मिळालेलं बक्षीस चोरीला जाऊ नये म्हणून वेगळे पैसे भरा.

यावर उपाय शोधायचा प्रयत्नच झाला नाही असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटानं चलनाशी हप्ता जोडायचा प्रस्ताव मांडला. दारू पिऊन चालवलं तर १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, आणि गुणांवर हप्ता. प्रयोग आधी दिल्लीत करायची शिफारस होती. कल्पना ऐकायला छान आहे, पण मला थोडी धास्ती वाटते. चलन म्हणजे बेदरकारपणा हे समीकरण आपल्याकडं जुळत नाही. जिथं कॅमेरा आहे तिथं चलन आहे. आपल्या बायपासला रात्री जे चालतं त्याचं चलन कुणी फाडलेलं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत क्वचित पाहिलंय, आणि बाजारपेठेत दोन मिनिटं गाडी लावणाऱ्याचं रोज फाटतं.

मग जुलै २०२२ मध्ये "जेवढं चालवाल तेवढं भरा" आणि "जसं चालवाल तसं भरा" अशा ॲड-ऑनना परवानगी मिळाली. पहिल्यात किलोमीटर मोजतात, दुसऱ्यात ब्रेक, वेग, वळणं. ही मला त्यातल्या त्यात योग्य दिशा वाटते, विशेषतः वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालवणाऱ्यांसाठी. रिन्यू करताना एजंटाला मुद्दाम विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही. आपण कुठं, कधी, किती वेगानं गेलो याची नोंद कंपनीकडं जाणार, हे ज्यांना चालत असेल त्यांनीच दुसरा घ्यावा. पण हेही फक्त ओडीपुरतं. सक्तीच्या थर्ड पार्टीला सीसीशिवाय काही दिसत नाही, १९४६ पासून आजपर्यंत तो चालवणाऱ्याकडं बघतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गवंड्याच्या कुटुंबाला ३१ लाख मिळण्यासाठी मी पैसे भरायला तयार आहे. त्यात एक रुपया कमी करा असं मी म्हणणार नाही. पण इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट देता येते, तर दहा वर्षांत ज्याच्या गाडीवर एकही थर्ड पार्टी दावा नाही त्याला का देता येत नाही? हा दावा न्यायाधिकरणात नोंदला जातो, गॅरेजवर रोख देऊन लपवता येत नाही. आणि ज्याची चूक नव्हती असं कंपनीच्याच सर्व्हेयरनं लिहिलंय, त्याचा एनसीबी का जातो?

थर्ड पार्टीचे दर २०१९ च्या दुरुस्तीपासून केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. २०२२ मध्ये अंतिम दर लागू करण्याआधी रस्ते वाहतूक मंत्रालयानं मार्चमध्ये मसुदा काढून लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. पुढचा मसुदा निघाला की त्यावरही हरकत नोंदवता येईल, आणि ती मराठीतही लिहिता येते. तो आला की त्याच दिवशी इथं टाकतो. तोवर आपापली पॉलिसी काढून थर्ड पार्टीचा आकडा आणि ओडीचा आकडा वेगवेगळा लिहून ठेवा, आणि एनसीबीच्या रकान्यात किती टक्के आहे ते कमेंटमध्ये सांगा. गाडीचा नंबर आणि पॉलिसी नंबर मात्र टाकू नका.